कसला वास?

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण ते बहुतेक गाडीबद्दलच, आणि तेही भांडणच. कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवायचा, पॉइंट घासायचे की सरळ बदलायचे, असलं. आज लिहायला बसले आहे ते भीती वाटते म्हणून. माझ्या ज्या मुलीला ती सांगायला हवी ती शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करते आहे, आणि मधे फक्त पडदा आहे. तरी लिहिते आहे तुम्हाला.

गाडी बरी आहे, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं तुम्ही नीट वाचणार नाही. रंग तोच, बाटलीहिरवा. मधे एकदा पत्र्यापर्यंत खरवडून परत मारला, तेव्हा पेंटरने डाव्या दाराच्या आतल्या कडेला राहिलेला जुना रंग बघून शेड जुळवली. पुढच्या काचेचं रबर कुठेच मिळत नव्हतं. ऑपेरा हाऊसच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने दुसऱ्याच कुठल्या गाडीचं कापून बसवून दिलं, आणि ते गळत नाही. दादरच्या आमच्या सोसायटीत लोक अजून तिला डबाच म्हणतात. सेक्रेटरींना मागचं गॅरेज स्कूटर लावायला हवंय. दर वर्षी मीटिंगमध्ये ते ‘आपल्या म्युझियमचं काय करायचं’ असा विषय काढतात, आणि दर वर्षी मी त्यांना नातवंडांसकट शिवाजी पार्कला एक फेरी मारून आणते. मग विषय पुढच्या वर्षावर जातो.

झालं ते एका रविवारी सकाळी. बॅटरी चार्जिंगला दिली होती, म्हणून गाडी बरेच दिवस उभी होती. बॅटरी परत आणून जागेवर ठेवली. कबुतरं आत शिरतात म्हणून शटर अर्धंच वर केलेलं. तुमच्या सवयीप्रमाणे इंजिनावरच्या पेट्रोल पंपाची ती छोटी दांडी हाताने हलवून कार्बोरेटर भरून घेतला, म्हणजे स्टार्टरला त्रास नको. मग बॅटरीची वायर जोडायला वाकले. ती टेकताना एक बारीकशी ठिणगी पडते, नेहमीच पडते, त्याचं कधी काही वाटलं नाही. तेवढ्यात लेक चहा घेऊन शटरखालून वाकून आत आली आणि तिथेच थांबली. ती ओरडली असती तर मी दचकले असते आणि हातातली वायर टेकली असती. पण ती अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तशी बोलली. “आई, कशाला हात लावू नकोस. पेट्रोल आहे सगळीकडे. तुला वास नाही येत?”

मी खाली पाहिलं. कार्बोरेटरजवळचा रबरी पाइप चिरला होता. पेट्रोल बंपरखालून माझ्या पायापर्यंत आलं होतं आणि डावी चप्पल ओली झाली होती. मी म्हटलं, येतोय गं, आत्ताच सांडलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, कप बाहेर पायरीवर ठेवला आणि शटर पूर्ण वर ढकललं. आम्ही दोघींनी बादलीतली वाळू टाकली, झाडलं, परत टाकली. दिवसभर ती गंमत करत होती की आज सेक्रेटरींना गॅरेज मिळालं असतं, फक्त बिल्डिंग उरली नसती. मीही हसले. मग ती आंघोळीला गेली तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन मी हिंगाचा डबा उघडला.

हिंग, अण्णा. काही नाही. लवंग नाही, कापूर नाही, बाम नाही. सुक्या बोंबलांच्या ज्या बरणीचा वास झाकणातून येतो म्हणून लेक रोज कुरकुर करते, त्या बरणीत नाक घातलं. गार हवा आली फक्त. सर्दी नव्हती. करोनात वास गेला होता तेव्हा पंधरवड्यात परत आला होता, हे स्वतःला सांगितलं. मग आठवायला लागले की शेवटचा वास नक्की कसला आणि कधी आला होता, तर आठवेना. दिवाळीत उटण्याचा आला होता का? की उटणं म्हटल्यावर तो आलाच असणार, असं मी धरून चालले होते? हे हळूहळू गेलेलं होतं. कोणी रोज थोडं थोडं तेल काढून घ्यावं आणि डबा रिकामा झाल्यावर आपल्याला कळावं, तसं.

आपल्या जुन्या डॉक्टरांचा मुलगा आता दवाखान्यात बसतो. त्याच्याकडे एकटीच गेले. तो म्हणाला वय आहे, नाकात मांस वाढतं, पुष्कळ कारणं असतात, आणि त्याने थेंब लिहून द्यायला घेतले. मग विचारलं, घरात कुणाला काही? मी म्हटलं, वडिलांना कंपवात होता. त्याचं पेन थांबलं. तो लगेच परत लिहायला लागला, पण थेंबांच्या खाली त्याने परळच्या हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं. “घाबरायचं काही नाही, काकू. पण कधी कधी हात थरथरायच्या खूप आधी वास जातो. बघून घेऊ या.” गुरुवारची वेळ मिळाली आहे.

घरी येताना मला तुमची रविवारची परीक्षा आठवली. गिरगावातली आपली वाडी, बॉनेट वर केलेलं, तुम्ही बनियनवर, हात कोपरापर्यंत काळे, आणि मी डोळे मिटून उभी. तुम्ही विचारायचात, “कसला वास?” बस, एवढंच. इंजिनाचं तेल आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं नासक्या लसणीसारखं. कच्चं पेट्रोल वेगळं, नीट न जळलेलं वेगळं. क्लच जळला की कागद जळाल्यासारखा. उत्तर चुकलं तर तुम्ही काही बोलायचा नाहीत, फक्त तो भाग माझ्या नाकाखाली धरायचात. बरोबर आलं तर ‘बरोबर’. त्या एका शब्दासाठी मी शाळेतल्या नंबरापेक्षा जास्त धडपडले असेन. शेठनी कंपनी बंद करताना तुम्हाला ही गाडी दिली, तेव्हा वाडीतले लोक हसले होते की कारकुनाला हत्ती दिला. तुम्ही तिची दुरुस्ती कुणाकडे शिकला नव्हतात. नाकाने शिकलात, असं आई म्हणायची, आणि ते कौतुकाने म्हणायची नाही.

आईचा राग माशांवरून होता. आपण तिघं भाऊच्या धक्क्यावरून येत होतो, मागे सुरमई आणि बोंबलांची टोपली, आणि डॅशबोर्डाच्या मागे वायर तापत होती. तापलेल्या वायरचा वास हुबेहूब माशासारखा येतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. पण त्या दिवशी गाडीत मासेच होते. सँडहर्स्ट रोडला धूर निघाला तेव्हा तुम्ही आईला म्हणत होतात, सुरमई ताजी नाही वाटत. त्यानंतर गाडीत मासे बंद. दारात गाडी असून बाजारातून टोपली हातात धरून चालत यायचं, असलं मोठेपण तुमच्याच घरात, हे आईने शेवटपर्यंत ऐकवलं. तुम्ही खाली बघून हसायचात. मला वाटतं त्या दिवशी तुम्हाला धुराची भीती वाटलीच नव्हती. नाक फसलं याचीच लाज वाटली होती.

आता मुख्य. त्या रविवारनंतर मी गाडी सुरू करायच्या आधी लेकीला हाक मारायला लागले. ती येते, केस टॉवेलात गुंडाळलेले, बॉनेटशी वाकते. मी म्हणते, सांग, कसला वास? तिला तो खेळ वाटतो. म्हणते, आई, तू मला लहानपणी शिकवलं नाहीस आणि आता शिकवतेस, मला काय गॅरेज काढून द्यायचंय का? मग नाक वर करून सांगते, पेट्रोल नाही, थोडं तेल, आणि तुझी ती लसूण. मी म्हणते, “बरोबर.” तिसऱ्या की चौथ्या वेळी असेल, ‘बरोबर’ म्हटलं आणि माझा आवाज मलाच ऐकू आला. तो तुमचा होता. माझ्या लहानपणचा नव्हे, तुमच्या शेवटच्या वर्षांतला.

कारण तेव्हाही तुम्ही विचारायचात. दादरला माझ्याकडे आलात, बरोबर आई आणि गाडीही आली. हात नीट चालेनात म्हणून काम मी करायची आणि तुम्ही खुर्ची टाकून बाजूला, हात मांडीवर एकात एक धरून. “कसला वास?” पूर्वीपेक्षा जास्त वेळा. गॅरेजात, जिन्यात, एकदा तर जेवणाच्या ताटावर. मला वाटायचं, माणूस म्हातारा झाला, आवडती गोष्ट घोळवतो आहे. आई दुधावरून करवादायची. तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना पातेलं करपून काळं व्हायचं. “नाकात बोळे घातलेत का?” तुम्ही म्हणायचात, पेपर वाचत होतो. आणि तो एक दिवस. मला सर्दी झाली होती, काहीच कळत नव्हतं, तुम्ही विचारलंत तर मी आपलं ग्रीस म्हणून टाकलं. तुम्ही म्हणालात, बरोबर. थोड्या वेळाने बघते तर एक वायर सायलेन्सरच्या पाइपाला टेकून तिचं रबर वितळलेलं. मी हसून म्हटलं, “अण्णा, दोघंही नापास.” तुम्हीही हसलात, पण जरा उशिरा. तो उशीर माझ्या लक्षात राहिला होता. कशासाठी, ते आत्ता कळलं.

तुम्ही परीक्षा घेत नव्हतात. तुम्ही विचारत होतात.

आणि हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. उलट जास्तच घाबरले. कारण तुमचं पुढे काय काय झालं ते मी शेवटपर्यंत पाहिलं आहे. चमचा, बटणं, जिना, मग बोलणं. आधी मला वाटायचं की त्या सगळ्याची सुरुवात हातांपासून झाली, म्हणजे हात ठीक आहेत तोवर आपण ठीक. आता रोज सकाळी हात समोर धरून बघते. थरथरत नाहीत. पण ते पुरेसं नाही, हेही आता माहीत आहे. तुम्हाला तेव्हा कुणी असं सांगितलं नसेल, डॉक्टरलाही माहीत असेल नसेल. तुम्हाला फक्त एवढंच कळत असणार की काहीतरी जातं आहे, आणि गाडीच्या शेजारी बसून ते मुलीकडून हळूच तपासून घेता येतं. किती घाबरला असाल, अण्णा. आणि चेहरा मास्तरांचा.

गेल्या रविवारी तरीही गाडी काढली. काढली नसती तर लेकीने विचारलं असतं. सकाळी लवकर, लेकीला शेजारी बसवून, दादरहून परळ, लालबागवरून खाली गिरगावात, आपल्या वाडीच्या तोंडापर्यंत, आणि परत. रस्ता रिकामा, इंजिन इतकं छान चालत होतं की तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढला असतात. पण मी पूर्ण वेळ लोकांच्या नाकांकडे बघत होते. लालबागला सिग्नलवर शेजारच्या स्कूटरवाल्याने नाक मुरडलं, आणि मी वाकून पायाशी काही ओलं आहे का ते बघितलं. कचऱ्याची गाडी पुढे होती. त्याच्यामुळे असेल. पण असेल म्हणजे काय? भायखळ्याला एक बाई रस्ता ओलांडताना पदर नाकाला लावून गेली. मी गाडी बाजूला घेतली, उतरले, बॉनेट उघडलं, खाली वाकून प्रत्येक पाइपावरून बोट फिरवलं, बोट कोरडं आहे ना ते उजेडात धरून बघितलं. काही नव्हतं. लेक आतून म्हणाली, काय झालं? म्हटलं, आवाज आला. ती म्हणाली, मला नाही आला. मग आम्ही पुढे निघालो. तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढून बसली. मी तिच्या बाजूला बघितलं नाही.

तिला सांगायला हवं. गाडीत ती माझ्याबरोबर बसते, एवढं कारण पुरे आहे. गुरुवारच्या आधी सांगावं की नंतर, एवढंच ठरत नाही. आधी सांगितलं तर ती बरोबर येईल, आणि तिथे बाकावर माझ्या शेजारी बसून माझ्या हातांकडे बघेल, मी तुमच्याकडे बघायची तसं. नंतर सांगितलं तर तेवढे दिवस मी तिला फसवलं असं होईल, आणि मला आता माहीत आहे की मुलांना ते पुढे कधीतरी कळतंच. तुम्ही सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, याचा विचार करते. बहुधा काही नाही. शेजारी बसले असते. पण ते मी तशीही बसलेच होते, नुसती काय बघते आहे ते न कळता.

तुम्हाला हे कुठे पाठवणार, तो प्रश्नच नाही. फाडेन किंवा ठेवेन. पण एक गोष्ट तुमच्यापासूनही लपवायला नको. गेली कित्येक वर्षं मी सगळं फोनवर टाइप करते, सहीपलीकडे हाताने काही लिहीत नाही. हे हाताने लिहायला बसले ते तुमच्यासाठी नाही. या आजारात लिहिता लिहिता अक्षर बारीक होत जातं, असं कुठेतरी वाचलं. तुमचं शेवटी मुंगीएवढं झालं होतं. लिहून झालेली पानं मी एकेक करून पालथी ठेवली आहेत. पहिलं पान काढून या पानाशेजारी ठेवायचं, एवढंच काम आहे. अर्धा तास झाला, अण्णा, अजून ठेवलेलं नाही.