तोबियाससाठी चार मीटर

लिन्गॉय बेट,
१३ सप्टेंबर १९७४

चि. ओदनीस,
सिनोवेचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र सोमवारच्या बोटीने मिळालं. ओलेसुन्नच्या इस्पितळात तू माझ्यासाठी खाट मिळवलीस, डॉक्टरांच्या मागे लागून तेवीस तारीख ठरवलीस, हे वाचून बरं वाटलं आणि रागही आला. माझ्या डोळ्याची तारीख मला न विचारता ठरवणारी तू कोण? लहानपणी माझी रिबीन न विचारता घालून शाळेत जायचीस, ती खोड साठीतही गेली नाही.

मी तेवीसला येत नाही. पेटी पाच ऑक्टोबरच्या बोटीने निघायची आहे आणि अजून अठरा पट्ट्या कमी आहेत. तू मिशनच्या घरातच नोकरीला, आफ्रिकेच्या पेट्या तुझ्याच डोळ्यांदेखत बांधल्या जातात. पण तुम्हा कचेरीतल्या लोकांना कुष्ठरोग्याच्या जखमेची एक पट्टी विणायला किती वेळ लागतो ते कसं कळणार? बारीक पांढरं सूत, दोन नंबरच्या सुया, चार मीटर लांबी, आणि शेवटी क्रोशाच्या तीन साखळ्या, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. तुमच्या छापील सूचनांत त्या साखळ्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. आईने घातल्या, मी घालते, आमच्या मंडळातल्या सगळ्या घालतात. दुसरं कुठलं मंडळ घालत नसेल तर तो त्यांचा आळस.

काल गुरुवारी मंडळाला बोर्गहिल्डकडे बसलो होतो. आता आम्ही पाचजणीच उरलो. निकोलीन चौऱ्याऐंशीची झाली. एक टाका विणते नि दोन गाळते, मग मी घरी आणून उकलते आणि पुन्हा विणते. तिला सांगू नकोस. बोर्गहिल्डने कॉफीबरोबर दोन प्रकारचे केक ठेवले. एकाच केकचा नियम मंडळाला चाळीस वर्षं आहे, कुणी कुणाशी चढाओढ करू नये म्हणून. ती म्हणाली की खाऊन घ्या, देव केक मोजत बसत नाही. मी म्हटलं की तो मोजत नसेल, मी मोजते.

डोळ्याचं म्हणशील तर उजव्या कोपऱ्यात काहीतरी काळं तरंगतं, एवढंच. तीन वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या दवाखान्याच्या आभारपत्रातून तोबियास या रोग्याचं नाव प्रार्थनेसाठी माझ्या वाट्याला आलं. त्याची दहाही बोटं झडलेली, आणि मी डोळ्याचं निमित्त करून लोळत पडू? ओळीला एकदा त्याचं नाव घेते. आर्नेची होडी परत आली नाही, मी विधवा झाले, त्यानंतर वर्षभर देवाचं नि माझं बोलणं बंद होतं, हे तुला माहीत आहे. ते या सुयांनीच पुन्हा सुरू झालं. तेव्हा डॉक्टरांना सांग, ऑक्टोबरात बघू.

वेळेवर जेवत जा. आहे तो लोभ वाढता ठेव.

तुझी,
सिनोवे


ओलेसुन्न,
१७ सप्टेंबर १९७४

ती. ताईस,
ओदनीचा सप्रेम सलाम. वि. वि.

रिबिनीचा गुन्हा कबूल. आणखी हवी ती शिक्षा दे, पण तेवीसला ये.

मी डॉक्टरांना पुन्हा भेटले. ते म्हणाले की डोळ्यातला पडदा सुटू लागला असावा, आणि तो एकदा सुटला की आठवडे नसतात, दिवस असतात. मी विचारलं की पंधरा दिवस थांबलं तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मुलाला आगीत हात घालू देऊ का म्हणून मी विचारत होते.

ताई, अठरा पट्ट्यांवाचून कुणाचंही अडणार नाही. हे मी माझ्या जबाबदारीवर लिहिते. आमच्या गोदामात पट्ट्या पुष्कळ आहेत. बावीस वर्षं या घरात काढली, एवढं तर मला कळतं. या वर्षी तुमची पेटी अर्धी आली तरी चालेल, आलीच नाही तरी चालेल. तोबियाससाठी नुसती प्रार्थना कर, प्रार्थनेला सुया लागत नाहीत.

याआधी एक पान लिहिलं होतं, ते फाडलं. काय लिहावं म्हणजे तू ऐकशील, ते सुचत नाही. तू आजवर कुणाचं ऐकलं आहेस? आई म्हणायची की सिनोवेला समजावण्यापेक्षा समुद्राला समजवा, तो निदान सहा तासांनी मागे तरी हटतो.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. माझ्यावर लोभ असेल तर तो या वेळी ऐकण्यातून दिसू दे.

तुझी,
ओदनी


लिन्गॉय,
७ ऑक्टोबर १९७४

चि. ओदनीस,
अ. आ. वि. वि.

पेटी गेली. अठराच्या अठरा झाल्या. त्यातल्या अकरा माझ्या. शेवटच्या दोन मी बोटांनी चाचपूनच विणल्या, टाके दिसत नव्हते.

तुझ्या पत्राचं वाईट वाटलं, ते सांगून टाकते. गोदामात पट्ट्या पुष्कळ आहेत असं तू लिहितेस. मागच्या नाताळाआधीच्या पत्रात दवाखान्याने लिहिलं होतं की तुमची एकही पट्टी वाया जात नाही, रोगी वाट बघत असतात. दोन्ही खरं असू शकत नाही. तू मला इस्पितळात न्यायला काहीही लिहिशील, म्हणून मी दवाखान्यावर विश्वास ठेवला.

काल सकाळपासून उजव्या डोळ्यापुढे खालून करडा पडदा वर चढतो आहे. चर्चमध्ये पाद्रीसाहेबांचं फक्त डोकं दिसत होतं, खाली काही नाही. घाबरले, हे तुझ्यापासून कशाला लपवू. बोर्गहिल्ड उद्याच्या बोटीने मला घेऊन येते आहे. हे पत्र बहुधा माझ्याबरोबरच पोहोचेल, पण तुला आधी रागावून घेतल्याशिवाय मला तुझ्या दारात उभं राहवणार नाही.

धक्क्यावर ये. लोभ तिथे आल्यावर दाखव.

सिनोवे


ओलेसुन्न,
२ डिसेंबर १९७४

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तू गेल्यापासून घर सुनं वाटतं. सात आठवडे मला कुणी टोकत होतं, आता कॉफी जास्त कडक झाली तरी कुणी बोलत नाही.

डॉक्टर भेटले होते. सप्टेंबरात आली असती तर डोळा वाचवला असता, असं ते पुन्हा म्हणाले. मी त्यांना म्हटलं की एकदा सांगितलंत तेवढं पुरे. डावा डोळा जप. त्याच्यावर सुताचं काम अजिबात करू नकोस. मोठ्या सुयांवर जाड लोकरीचं काही विण, स्वतःसाठी विण. तुझ्याकडे धड एक शाल नाही.

सोबत कॉफी आणि दवाखान्याचं आभारपत्र. मंडळात वाच. तोबियासबद्दल दोन ओळी आहेत, तुला आनंद होईल. तो आता मनगटाला चमचा बांधून स्वतःच्या हाताने जेवतो.

माझ्यावर रागावू नकोस. कशाबद्दल ते विचारू नकोस, नुसती रागावू नकोस. लोभ तुटू देऊ नकोस, ताई.

ओदनी


लिन्गॉय,
१८ मार्च १९७५

ओदनीस,

गुरुवारी डोळा दाखवायला ओलेसुन्नला आले होते. तू सभेसाठी ओस्लोला गेलेली, म्हणून दुपारच्या बोटीने परत फिरले. बोटीवर काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

इंजिनवाला आसब्योर्न वर आला. हात तेलाने काळे. माझ्याशेजारी उभा राहून तो एका पांढऱ्या पट्टीला हात पुसत होता. माझा एक डोळा गेला आहे, दुसरा नाही. मी त्याला म्हटलं की जरा बघू दे. टोकाला क्रोशाच्या तीन साखळ्या होत्या.

मी विचारलं की हे कुठून आणलंस. तो म्हणाला की मावशी, मिशनच्या घराने गोदाम रिकामं केलं, चिंध्या म्हणून पोती विकली, गोदीतल्या सगळ्यांनी घेतली. नव्याकोऱ्या आहेत, तेल छान पितात. तुला हव्या तर अर्धं पोतं खाली पडलं आहे. मला खूश करायला तो बिचारा खाली जाऊन मूठभर घेऊनही आला. त्यातली एक निकोलीनची होती. गाळलेले टाके मी जिथे सावरले होते, ती जागा मला सापडली.

पट्ट्या मी त्याच्या हातात परत दिल्या. त्याचा काय दोष?

मला तीन गोष्टी सांग. हे केव्हापासून? तुला ठाऊक होतं का? आणि रोग्यांना मिळत नव्हत्या, तर ती आभाराची पत्रं कोण लिहीत होतं? गोड शब्द नकोत. लोभाचंही लिहू नकोस.

सिनोवे


ओलेसुन्न,
२६ मार्च १९७५

ताई,

विचारलंस त्याच क्रमाने लिहिते.

बारा वर्षांपासून. त्रेसष्ट साली दवाखान्याचं पत्र आलं की आता औषधांनी रोग बरा होतो, जखमा फार राहत नाहीत, लागतं ते निर्जंतुक कापड कारखान्यातून येतं, तरी पट्ट्या पाठवू नयेत. आमचे चिटणीस त्वाइतसाहेब म्हणाले की ही बातमी मंडळांना द्यायची नाही. एकशेचाळीस मंडळं, बहुतेक म्हाताऱ्या. हातातलं काम काढून घेतलं तर त्या गुरुवारी जमणार नाहीत, जमल्या नाहीत तर प्रार्थना थांबेल, आणि मिशन प्रार्थनेवर उभं आहे. तेव्हा मलाही ते पटलं. पेट्या येत राहिल्या, गोदामात चढत राहिल्या. या हिवाळ्यात छत गळू लागलं म्हणून जागा मोकळी केली. विकायचं ठरलं त्या दिवशी मी हजर होते. बोलले नाही.

हो, मला ठाऊक होतं.

पत्रं मी लिहीत होते. पहिली दोन वर्षं जुन्या नोंदवहीतल्या रोग्यांची नावं घातली. ती संपल्यावर बायबलमधून घेऊ लागले. तोबियास नावाचं कुणी नाही, ताई. तू एकदा लिहिलं होतंस की हल्ली विणताना मन लागत नाही, कुणासाठी विणते तेच कळत नाही. म्हणून मी तुला एक माणूस दिला.

सप्टेंबरात फाडलेल्या पानावर हे सगळं लिहिलं होतं. ते पोस्टात टाकलं असतं तर तू पेटी सोडून आली असतीस. मला वाटलं, तू तशीही येशील. खरं म्हणजे मला तुझ्या तोंडाची भीती वाटली. तू वाचशील तेव्हाचं तुझं तोंड मला दिसत होतं. बहिणीचा डोळा एका पारड्यात आणि माझी लाज दुसऱ्यात, आणि मी लाज निवडली.

त्वाइतसाहेबांना सांगितलं आहे की मी आता ही पत्रं लिहिणार नाही. ईस्टरनंतर सुट्टी आहे. येऊ का? दारातून परत पाठवलंस तरी येईन.

ओदनी


लिन्गॉय,
४ एप्रिल १९७५

ओदनीस,

येऊ नकोस.

काल गुरुवार होता, मंडळ माझ्याकडे होतं. तुझं पत्र मी बायबलमध्ये घालून ठेवलं होतं, वाचून दाखवायचं ठरवलं होतं. निकोलीन सगळ्यांच्या आधी येऊन बसली. सुया काढायच्या आधीच तिने विचारलं की तिची लेआ कशी आहे, पायाची जखम भरली का, काही कळलं का. सहा वर्षं ती लेआसाठी विणते आहे. तिला मुलगी नाही, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, भरत आली. ओदनी, माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. मग मी शास्त्रपाठ वाचला, कॉफी ओतली आणि तुझं पत्र तसंच राहिलं. तुझ्यासारखं व्हायला मला बारा वर्षं लागली नाहीत, एक दुपार पुरली.

डोळ्याचं मी तुला माफ करीन, आज नाही, कधीतरी. हट्ट माझाही होता. पण तीन वर्षं मी ओळीओळीला देवाला एका माणसाचं नाव सांगत होते आणि तो ऐकून घेत होता. हा माणूस नाही, हे त्याला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, एकट्या मलाच नव्हतं. आर्नेनंतर मोठ्या कष्टाने जोडलेलं बोलणं होतं ते. आता हात जोडते आणि पुढे काय म्हणायचं ते आठवत नाही. याची माफी मी द्यायची की त्याने, हेही कळत नाही.

मी कुणाला काही सांगणार नाही. पेटी ऑक्टोबरात येईल, नेहमीसारखी. तुम्ही ती जाळा, विका, इंजिनं पुसा. आणि पत्रं लिहिणार नाही म्हणतेस, ते चालणार नाही. हात काळे करून झाल्यावर आता कसलं सोवळं? निकोलीन आहे तोवर तू लिहायचंस, मिशनच्या कागदावर, नाताळाआधी पोहोचेल असं. लेआचा पाय बरा कर, तिला चालव. बोर्गहिल्डच्या रोग्याला घरी पाठव, ती कंटाळली आहे. बहीण म्हणून मात्र मला पत्र टाकू नकोस. आलं तर न फोडता परत जाईल.

तोबियासला यंदा मार. माझ्या वाट्याला म्हणून नवं नाव पाठव, म्हणजे मी न विणता बसले तरी मंडळातल्या बाकीच्या चौघी त्या नावाने प्रार्थना करतील. नाव तुला सुचेल ते ठेव. बाई असू दे, माझ्या वयाची. तिचा एक डोळा गेला आहे असं लिही, आणि तिला बहीण नाही असं लिही. निदान चौघींची एक प्रार्थना तरी जित्या माणसाच्या वाट्याला येईल.

सिनोवे