विहिणीचं बोलावणं

चि. रोहितले अनेक आशीर्वाद.

तू तिथं हाँगकाँगले, अन् मी इथं नागपुरात मोबाईलच्या ॲपवर तिथली कँटनीज शिकून राहिली. भाकरी थापतानाही कानात वायर असते. शब्द चुकला की ॲप पुन्हा म्हणायले लावते. तुझे बाबा म्हणतात, "काहून डोकं खपवतं वं? पोरगा सांगते ना समजावून."

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुझ्या सासूबाईनं नातीले माझ्यासमोर धरलं अन् हसून काहीतरी विचारलं. तू म्हणाला, "आई, त्या म्हणतात, तब्येत सांभाळा." मी मान हलवली. पण तो प्रश्न माझ्या आदल्याच दिवशीच्या धड्यात होता. त्या विचारत होत्या, "तुम्ही कधी येता?"

तू असं काहून केलं, हे मी विचारणार नाही. घर लहान असेल, नाहीतर तुले माझी लाज वाटत असेल. पण विहिणीचं बोलावणं आपल्यात कोणी परतवत नाही.

म्हणून हे पत्र मी तुले पाठवत नाही. पासपोर्टसाठी सीताबर्डीले जाऊन फोटो काढून आली. येत्या रविवारी तू मधात बोलायच्या आत मीच त्यायले त्यायच्या भाषेत सांगीन, "येते."

तब्येत सांभाळ.

तुझी आई,
गोपिका