भुरीला काय आठवतं

गडमुडशिंगी
मंगळवार, दि. ९ सप्टेंबर २०२५

चि. राजवर्धन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे होते तसेच आहेत, पायऱ्या उतरताना बोंबलतात. सोयाबीन बरं आलंय, पण पाऊस हटत नाही, त्यामुळे काढणीचं काय होईल ते होईल. धाकट्या म्हशीला रेडी झाली. तेजस्वी तिसरीत गेली. समोरचे दोन दात पडलेत म्हणून हसताना तोंडावर हात धरते, पण बोलायला लागली की कुणाला ऐकत नाही. अंगणवाडीत मी तीस वर्षं पोरं सांभाळली, पण हिच्याइतके प्रश्न कुणी विचारले नाहीत.

तुझ्या पत्रात तीन ओळी आईसाठी आणि पाऊण पान मांजरासाठी. भुरी जाड झाली का, अजून पलंगावर झोपते का, मी आलो तर ओळखेल का. तुझ्या बराकीतला कुणी म्हणतो की कुत्रं जन्मभर ओळखतं आणि मांजर आठ दिवसांत विसरतं, ते खरं का. अरे, आईच्या गुडघ्यांची एवढी चौकशी केली असतीस तर ते निम्मे तरी बरे झाले असते.

तुझ्या दिवाळीच्या रजेचा कागद आला. गेल्या बुधवारी हवालदार चौकशीला आले होते. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मावशी, ल्योक घरी याला तुमची काय हरकत न्हाय न्हवं? मग करा की सही. मला अजून दोन गावं हिंडायची हाईत." मी म्हटलं, चष्मा सापडत नाही, सोमवारी या. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. ते हसले आणि गेले.

त्याचं पुढं सांगते. आधी भुरीचं.

रविवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. एरवी तुझा फोन मी कानाला लावून परसात जाते. त्या दिवशी कोपरानं स्पीकर लावला. तेजस्वी चित्र रंगवत होती, भुरी तिच्या मांडीला टेकून झोपली होती. तू म्हणालास, "आई, भुरीला हाक मारू दे की." आणि मारलीस, "भुरेऽ, ये गं." चार वर्षांनी.

मी तुला सांगितलं की तिनं कान टवकारले. ते खोटं होतं. तिचे कान मागं चिकटले, पोट जमिनीला लागलं आणि सरपटत ती पत्र्याच्या कोठीमागं गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आली नाही. मासळीचं डोकं ठेवलं तरी नाही.

मांजराचं काय एवढं, असं मी म्हटलं असतं. पण तेजस्वीही उठली. ती रडली नाही, घाबरल्यासारखीही दिसली नाही. पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलून तिनं पलंगाखाली सरकवला. मग माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. मग उलथणं. रोजचं काम असावं तसं. तू तेव्हा फोनवर रेडीचा रंग विचारत होतास आणि मी काळा म्हणून सांगत होते.

फोन ठेवल्यावर तिला विचारलं, "काय करालीस गं?"

"ठेवतोय की. पप्पा आलं की मम्मी ठेवायची."

"तुला आठवतंय व्हय सगळं?"

"न्हाय," म्हणाली, आणि ओट्यावर अजून काय राहिलंय ते बघू लागली.

स्वप्नाली गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. एवढ्याशा लेकराला काय आठवणार, असं गावभर मीच सांगत फिरले होते.

आता तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. भुरीला फक्त तूच आठवतोस असं नाही. पूर्वी मी धार काढायला बसले की ती गोठ्यात माझ्या शेजारी येऊन बसायची. तिच्या तोंडात एक चिळकांडी मारल्याशिवाय माझी चरवी कधी भरली नाही. त्या संध्याकाळपासून ती गोठ्यात आलेली नाही. चार वर्षांत एकदाही नाही. घरात माझ्या हातचं खाते, पण मी चरवी उचलली की उठून जाते.

राजा, त्या संध्याकाळी मी डेअरीत नव्हते. मी गोठ्यात म्हशीखाली बसले होते. तुला हे माहीत असेल किंवा नसेल, आपण कधी बोललो नाही. स्वप्नालीनं मला तीनदा हाक मारली. "आत्या, या की ओ." मी उठले नाही. धार मध्येच सोडली तर म्हैस पान्हा चोरते, मग दोन दिवस नीट दूध देत नाही, म्हणून उठले नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला वाटलं, नेहमीसारखं होईल थोड्या वेळानं शांत. भुरी पळत येऊन माझ्या निऱ्यांत शिरली. थरथरत होती. मी तिला पायानं बाजूला सारलं आणि धार पुरी केली. आत आले तेव्हा स्वप्नाली पायरीशी पडली होती आणि तू तांब्यातून पाणी आणत होतास.

कोर्टात मी शपथेवर सांगितलं की ह्यानं त्याआधी बायकोवर कधी हात उचलला नाही, आणि त्या वेळी मी डेअरीत दूध घालत होते. वकील म्हणाले, आईच्या साक्षीमुळं सात वर्षांवर भागलं. मी देवळात पेढे ठेवून आले. लिहिताना लाज वाटते, पण ठेवले होते.

काल सोमवारी हवालदार आले. मी 'हरकत आहे' असं लिहून सही केली.

"मावशी, सख्खा ल्योक हाय की तुमचा."

"व्हय, माझाच हाय," मी म्हटलं.

तू येऊ नकोस. दिवाळीला नको आणि सुटल्यावरही या घरी नको. आपण सुधारलो असं तू लिहितोस. ते खरं असावं असं मला फार वाटतं. पण तुझा आवाज ऐकून आठ वर्षांची पोर वरवंटा लपवते, तिला मी तुझ्यासमोर उभी करणार नाही. शनिवारी तिचे मामा तिला कायमचं न्यायला येतील. तेव्हा त्यांनी मागितली होती, मी भांडून ठेवून घेतली होती. आता मीच फोन केला. भुरीलाही ती घेऊन जाणार आहे. सुट्टीला येईन म्हणते. थोडी मोठी झाली की गोठ्याचं तिला कुणीतरी सांगेल, मग यायची थांबेल. मी तिला बोल लावणार नाही.

माझी माया आटली असं समजू नकोस. पहिला घास उचलला की तू जेवलास का हे मनात येतंच. त्याला माझा इलाज नाही.

हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी तिथले साहेब उघडून वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं. आजवर पत्राखाली नुसतं 'तुझी आई' लिहीत आले. साहेबांना तेवढ्यावर शोधता येणार नाही, म्हणून पूर्ण नाव देते.

बनाबाई कृष्णात चौगुले
मु. पो. गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर
दिवसभर घरीच असते.