बाबांच्या ग्राइंडरवरचा लाल टॅग

जुनवानी, भिलाई
बुधवार, ११ फेब्रुवारी

झालं ते असं:

१. रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बाबांनी हातग्राइंडरनं फाटकाची खालची पट्टी कापायला घेतली. फाटक फरशीला घासत होतं.
२. ग्राइंडर चार इंची, चकती पाच इंची. चकतीवरचं गार्ड नव्हतं.
३. डोळ्यांवर चष्मा होता. वाचायचा.
४. दहा छत्तीसला खांद्यावरचा गमछा चकतीत गेला. तो गळ्याभोवती गुंडाळलेला नव्हता, नुसता टाकलेला होता.
५. ग्राइंडर हातून सुटला. बटण लॉक केलेलं असल्यानं तो बंद न होता अंगणात फिरला. एक कुंडी आणि एक चप्पल कापली.
६. आईनं प्लग ओढला.
७. बाबांना इजा नाही. गमछा संपला.

आदरणीय श्याममामांना भाची आम्रपालीचा सविनय जय भीम. तुमचं ब्लडप्रेशर आणि पंचफुलामामींचे गुडघे आता कसे आहेत? गोंदियाला थंडी उतरली असेल. (विचारपूस नंतर केली याचा राग मानू नये. ती आधी वाचली की तुम्ही पत्र घडी घालून खिशात ठेवता, हे आईला माहीत आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला हसता आणि "आईले दे" म्हणता.)

मी सोमवारी, २३ तारखेला, रायगडच्या एका रोलिंग मिलमध्ये सेफ्टी विभागात रुजू होते आहे. म्हणजे तिथल्या चारशे लोकांचे हात माझ्या जबाबदारीवर असतील आणि इथले दोन मागे राहतील. मला काळजी त्या दोन हातांची आहे.

गार्ड नव्हतं त्याचा इतिहास थोडा लांबचा आहे. गेल्या वर्षी तुम्ही आला होतात तेव्हा बाबांनी नवा ग्राइंडर तुम्हाला दाखवला. तुम्ही म्हणालात, "प्रेमानंदजी, या झाकणानं कापाची रेघ दिसते का तुमाले?" बाबांनी त्याच दुपारी गार्ड काढलं. गार्ड निघालं म्हटल्यावर मोठी चकती बसायला लागली, आणि सुपेल्यातल्या दुकानदारानं "बड़ी ले लो अंकल, ज़्यादा चलेगी" म्हटल्यावर ती आलीसुद्धा. इथल्या स्टील प्लांटमध्ये याच बाबांनी कामाच्या परमिटवर सही नाही म्हणून एक आख्खी शिफ्ट काम अडवून ठेवलं होतं. घरी तोच माणूस लुंगीवर वेल्डरसारखा उकिडवा बसतो. (वेल्डर निदान बूट घालतो.)

रविवारी मी प्लग काढायला हवा होता. ते मला सेफ्टीच्या कोर्समध्ये दोन वर्षं शिकवलं आहे. मी जागेवर उभी राहून "बाबा" अशी हाक मारली. जी आई यातलं काहीच शिकलेली नाही तिनं प्लग ओढला आणि म्हणाली, "मी सांगून राहिली होती ना, फाटक घासते तं घासू द्या." बाबांनी उरलेल्या गमछ्यानं घाम पुसला आणि मला म्हणाले, "चौतीस वर्षं प्लांटात काढले. एक नख नाही गेलं. तू कावून ओरडून राहिली?" मी ओरडत नव्हते. (थोडं.)

सोमवारी सकाळी मी मिठाईच्या डब्याच्या झाकणाचा टॅग कापला, लाल रंगवला, वर लिहिलं, "चालू करू नये. आम्रपाली. ९ फेब्रुवारी", आणि प्लगला सुतळीनं बांधला. दहा वाजता बाबा आले. टॅग वाचला. हात मागे बांधून उभे राहिले आणि परत गेले. प्लांटमध्ये दुसऱ्याचा टॅग कुणी काढत नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, कारण मशीनच्या पोटात तो माणूस असू शकतो. पोरीचं बोलणं वर्षभर न ऐकलेला माणूस मिठाईच्या पुठ्ठ्याला मान देऊन गेला. मला बरं वाटायला हवं होतं. पूर्ण वाटलं नाही.

आईनं हे पाहिलं. संध्याकाळी गॅसच्या शेगडीवर लाल टॅग होता, "कपबशा विसळल्याशिवाय चालू करू नये." बाबांनी विसळल्या. मंगळवारी टीव्हीवर टॅग आला. कूलरवरही आहे, पण तो कशासाठी हे आई उन्हाळ्यात सांगणार आहे.

दरम्यान फाटक अर्धं कापलेलं आहे. ते उघडत नाही आणि लागतही नाही. आम्ही तिरके होऊन आत-बाहेर करतो. शेजारच्या भैयालालजींच्या पांढऱ्या गाडीवर मंगळवारी तांबूस ठिपके उमटले. ते कुंपणावरून म्हणाले, "भाई साहब, गाड़ी को माता आ गई है." (म्हणजे अंगावर उठणाऱ्या देवी.) बाबांनी हवामानाला दोष दिला. मी सांगितलं की ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण, तो रंगात रुततो आणि दोन दिवसांनी गंजतो. भैयालालजींनी मला धन्यवाद दिले. बाबांनी दिले नाहीत.

काल बाबांनी माझ्याकडे परमिटचा रीतसर अर्ज दिला. काम: फाटक. वेळ: दहा ते बारा. मी "गार्ड नाही" असा शेरा मारून नामंजूर केला. आज तो परत आला. शेऱ्याखाली बाबांच्या अक्षरात आहे: "गार्डची गरज नाही. दाखला: श्यामराव, गोंदिया." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर २३ तारखेला गोल आहे. टॅग लावणारा ड्युटी सोडून गेला की टॅग उतरतो, हा नियम त्यांनीच मला शिकवला होता. आईला मी टॅग सोपवायला गेले. ती म्हणाली, "मी कोणाच्या कागदावर सही करत नसते."

मामींना नमस्कार.

आपली भाची,
आम्रपाली

ता. क. गार्ड सापडलं. आई त्यात लसूण ठेवत होती. ते बसवलं, चार इंची चकती आणली, तोंडावरची जाळी आणि चष्माही आणला. मशीनचं सगळं झालं आहे. माणूस राहिला आहे.

ता. क. २. तुमच्या डाव्या हाताच्या तर्जनीबद्दल. रेल्वेच्या चरोदा यार्डात दोन वॅगनच्या मध्ये सापडलेल्या पॉइंट्समनला ओढताना ती गेली, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. बाबा पाहुण्यांना ही गोष्ट सांगतात. त्यांच्या सांगण्यात आता तीन पॉइंट्समन आहेत. गेल्या मे महिन्यात कैऱ्या किसताना मामींनी मला सांगितलं की ती सुट्टीच्या दिवशी, परसात, कूलरच्या स्टँडची पट्टी कापताना, बिनगार्डच्या ग्राइंडरवर गेली. तेव्हा मला आठवलं की आमच्याकडे "झाकण" म्हणताना तुम्ही ग्राइंडर हातात घेतला नव्हता. दोन पावलं मागे उभे होतात.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी नाही. पण दाखल्याच्या रकान्यात तुमचं नाव आहे, आणि तिथे माझं नाव चालत नाही. तुम्ही बाबांना एकट्याला फोन करून खरं सांगावं. चरोद्याची गोष्ट बाकीच्यांसाठी राहू द्या; पुढच्या वेळी मी ती पूर्वीसारखीच ऐकेन.

सांगाल की नाही, एवढंच बुधवार, १८ तारखेपर्यंत कळवावं.