डोळे मिटून तीन बोटं

२ जून
डोळे मिटा म्हणे! आमचे मॅनेजर, उत्तरेश्वर सर. कंपनी सॉफ्टवेअरची, आणि कामाला किती आठवडे लागणार ते ठरतं बोटांवर! सगळ्यांनी डोळे मिटायचे, सरांनी एक-दोन-तीन म्हणायचं, की जितके आठवडे तितकी बोटं वर. "कुणावर कुणाचं दडपण नको, रुपाली." व्वा!

आज दूध डेअरीच्या ॲपमधलं बिलांचं काम होतं. डोळे उघडले, तर सगळ्यांची तीन! सरांचीही तीन. लबाड मेले — पापण्या किलकिल्या करून सरांकडे बघतात. नंदीबैल नुसते! माझीही तीनच होती म्हणा. पण मी विचार करून दाखवली. डोळे घट्ट मिटून, आणि सगळ्यांच्या आधी. आपल्याला कुणाची भीती?

४ जून
आमच्या टीममधल्या तनुजाचा साखरपुडा २६ला, यवतमाळला. तोवर काम संपतंय म्हणून तिने सुट्टी टाकली, तिकीट काढलं. मी म्हटलं, "सरांच्या बोटांवर विसंबून?" नुसती हसली.

१७ जून
निम्मंसुद्धा झालेलं नाही! होणार कसं? काम तनुजा आणि पियुषकडे, दोघंही नवखे. मी तीन आठवड्यांत उडवलं असतं, ती गोष्ट वेगळी. सरांना विचारलं, "हे तीन आले कुठून?"

"अगं, एकमत होतं ना सगळ्यांचं."

एकमत! कप्पाळ!

२० जून
तनुजाची सुट्टी रद्द. जिन्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होती, रडत होती. मुलाकडचे म्हणाले, पुढे चातुर्मास, आता तुळशीच्या लग्नानंतर बघू. "बघू" म्हणाले. "करू" नाही. मला घास गेला नाही डब्यातला.

आता ह्या माणसाला सोडत नाही! बोटं दाखवली त्या दिवशी पियुष वाघोलीच्या घरून व्हिडिओवर होता, म्हणजे मीटिंगचं रेकॉर्डिंग आहे. सोमवारी मोठ्या साहेबांसमोरच लावते. बघू देत, कोण कुणाची बोटं बघून हात वर करतं ते.

२१ जून
पाहिलं रेकॉर्डिंग. परत पाहिलं.

आधी माझी तीन बोटं वर जातात. मग तनुजाची. मग बाकीच्यांची. सरांची सगळ्यात शेवटी. सगळे माझ्या हाताकडे बघतायत, सरसुद्धा.

डोळे फक्त माझे मिटलेत.