सर्व्हरवरचं एक नाव

खांदेश्वर,
मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय राजू,

तुझ्या आईंचा गुडघा काय म्हणतो? कोरेगावच्या थंडीत फार छळत असेल. अण्णांची शुगर उतरली, की अजून लपून गूळ खातात? तुझी भाची मनस्वी, तिचा कान फुटला होता, तो सुकला का? आणि तू गं? पोटभर जेवतेस ना? माझं बरं आहे. बरंच म्हणायचं.

ऑफिसातलं सांगते. आपल्या शिवतेजने दुकानदारांच्या बिलांचं जे काम उभं केलं, ते मी, सुचिता आणि मंजुषा ओढतोय. पण बिलांचा नवा प्रोग्राम जुन्या डेटाबेसवर चालेना. नवा टाकायचा तर तो आमच्या त्या एकाच सर्व्हरवर. यंत्र कुठेतरी लांब, भाड्याचं, आणि आम्ही तिघी आपापल्या टेबलावरून त्यातच शिरून काम करतो. एका चुलीवर तिघींचा स्वयंपाक. मी आपला घरच्या कॉम्प्युटरवर टाकावा तसा टाकला. माझ्याकडे झकास उघडलं, त्या दोघींना मात्र डेटाबेस सापडेचना. मंजुषा म्हणते, काकू, तुम्ही एकटीपुरतीच भाकरी थापली की! शिवतेज गेल्यापासून पहिल्यांदा हसलो गं आम्ही.

मग सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीतल्या अस्मिताला फोन लावला. ती म्हणाली, आधी सगळ्यांना बाहेर काढा, सर्व्हर इन्स्टॉल मोडवर घ्या, म्हणजे टाकलेलं सगळ्यांना मिळतं, मग टाका, शेवटी रीस्टार्ट. सुचिता बाहेर पडली, मंजुषा पडली. अस्मिता तिकडून बघत होती. म्हणाली, काकू, अजून एक जण आत आहे. यादीत नाव होतं शिवतेज. पुढे लिहिलेलं, डिसकनेक्टेड, म्हणजे खिडकी मिटलेली, पण माणूस आतच.

या पोरींना किती ओरडायचा तो! नुसती फुली दाबून उठू नका, साइन आउट करा, नाहीतर तुम्ही घरी गेलात तरी आत जागा अडवून बसता. त्या दिवशी स्वतः मात्र फुली दाबूनच उठला. परत यायचंच होतं ना त्याला. चपला घालता घालता म्हणाला, येतो गं आई, जेवून. आपल्यात जातो म्हणत नाहीत. पामबीच रोडला गाडी घसरली ती आषाढात. त्यानंतर सर्व्हर कोणी बंद केलाच नव्हता, आणि हा आपला आत बसलेला.

त्याला बाहेर काढायच्या आधी तुला फोन केले. तू उचलले नाहीस, त्याचा राग नाही. अस्मिताने पासवर्ड बदलून त्याची खिडकी उघडून दिली. मला वेडीला वाटलं, तुझ्यासाठी, माझ्यासाठी काहीतरी असेल. काही नव्हतं राजू. एका किराणावाल्याचं अर्धं बिल. तूरडाळ लिहून पुढचा रकाना रिकामा, आणि तिथे ती उभी रेघ लुकलुकत होती. बंद करताना कॉम्प्युटरने विचारलं, सेव्ह करायचं का? काय सेव्ह करणार होते मी? नाही म्हटलं, आणि त्याला माझ्याच हाताने साइन आउट केलं. नाव यादीतून निघून गेलं. डेटाबेस मुकाट्याने बसला, पोरींकडेही उघडला. अस्मिता म्हणाली, झालं काकू, सुटलात. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

हे सगळं तुला का सांगत बसले, ते आता लिहिते. दिवाळीआधी माहेरी निघताना दारात तूही येते म्हणालीस. तुझ्या साड्या कपाटात आहेत, गाऊन खुंटीवर आहे, तुझ्या वाटणीचं पीठ अजून मळलं जातं माझ्याकडून. अण्णा स्थळ बघतायत, असं कानावर आलं. बघू देत. तुझं वय काय आहे गं! तू नांदतीगाजती राहावीस हेच मला हवंय. पण जायचं असेल तर जाते म्हण. माझ्या पोराला म्हणता आलं नाही, तू म्हण. एक नाव पुसलंय मी या हातांनी, आता तुझं तू सांगितल्याशिवाय पुसायचं बळ माझ्यात नाही. फोन नको, फोनवर मला ऐकवणार नाही. दोनच ओळी लिही, कशाही असोत, पण लवकर लिही.

तुझीच,
आई