रडण्याची नोकरी

प्रिय गुंड्या,

तुझं पत्र मिळालं. शाळेची नोकरी सोडायची, पहिल्या तारखेला राजीनामा द्यायचा, हे तू परस्पर ठरवून टाकलंस आणि वर मला लिहितोस की ताई, तू तरी समजून घेशील. घेते की. पण आधी ऐकून घे. लहानपणी तुझा कान धरायची सोय होती, आता पत्रावर भागवावं लागतं.

तुझी तक्रार काय, तर तू जीव तोडून गोष्ट सांगतोस आणि दुसरीतली मुलं ढिम्म बसतात. हरवलेल्या शिंगराची गोष्ट सांगताना तुझाच गळा भरून आला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, डबा कधी खायचा? वाचून मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. रागावू नकोस. माझं निम्मं आयुष्य रडण्यात गेलंय, तेही पगारी, म्हणून हसू आलं.

डबिंग स्टुडिओत माझी ख्याती रडण्याचीच. परक्या भाषेतल्या सिनेमातली बाई पडद्यावर रडली की तिच्या ओठांबरहुकूम आपल्या भाषेत हुंदके द्यायचे ते मी. त्या बंद खोलीत पंखासुद्धा लावू देत नाहीत, आवाज येतो म्हणून. घामाघूम होऊन रडावं लागतं. सुरुवातीला मी असा काही गळा काढायचे की रेकॉर्डिंगवाले काका हेडफोन काढून ठेवायचे. एकदा म्हणाले, पोरी, ती बाई मुलाला गाडीत बसवून देताना स्वेटर घेतलास का एवढंच विचारतेय, आणि तू घर जळाल्यासारखी ओरडतेस. तू नुसतं स्वेटरचं विचार. मग मी नुसतं स्वेटरचं विचारलं. रडू फुटू नये म्हणून माणूस विचारतो ना, तसं. काकांनी पुन्हा घ्यायला सांगितलंच नाही. चष्मा पुसत बसले होते.

खरी माणसं रडू आवरत असतात, गुंड्या. आपली आईच बघ. तू सामान घेऊन निघालास तेव्हा ती तुझ्या शर्टाच्या तुटलेल्या बटणावरून तुला बोलत होती. तू निघून गेल्यावरही बराच वेळ बटणावरच बोलत होती. रडण्याचं सगळं काम तूच उरकून टाकलंस तर मुलांनी काय करायचं? डबाच खायचा.

आणि तू लिहितोस, गुरुवारी तर हद्द झाली. वैतागून तीच गोष्ट तू तिसरीच्या वर्गाला बातम्या वाचाव्यात तशी सरळ सांगितलीस, आणि एकाही पोरानं हूं की चूं केलं नाही. तेव्हाच म्हणे राजीनाम्याचं पक्कं झालं. अरे वेड्या, ती पोरं कंटाळली नव्हती. श्वास रोखून बसली होती. तू खाली मान घालून सांगत होतास, तुला कसं दिसणार? मला हे कसं ठाऊक, ते सांगायलाच आज लिहायला बसलेय.

त्या दिवशी तुझ्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पंखा दुरुस्त करायला आलेले वायरमन म्हणजे आपले बाबा. तू त्यांच्या विजेच्या दुकानात न बसता मास्तर झालास तेव्हापासून तुमचं दोघांचं बोलणं आईमार्फत. पण तुझ्या शाळेला वायरमन हवाय असं कळल्याबरोबर हातातली कामं टाकून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. शिडीवर उभं राहून खिडकीतून सगळं ऐकलं, श्वास रोखून बसलेली पोरं पाहिली, आणि पंखा उलटा जोडून आले. खालची हवा वर ओढतोय, असा शाळेतून निरोप आला. उभ्या जन्मात त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. घरी येऊन आईला ती गोष्ट सांगायला लागले आणि शिंगरू भलत्याच गावात शिरतं तिथं थांबले. तिथं तुझ्या तासाची बेल झाली होती. डोळ्यांत पंख्याची धूळ गेलीय म्हणाले आणि तोंड धुवायला उठले. आज जेवताना मला हळूच विचारलं, ते शिंगरू घरी पोचतं का गं? मला शेवट माहीत आहे, पण मी सांगितला नाही. म्हटलं, ज्याची गोष्ट आहे त्यालाच रविवारी जेवायला बोलावू का? बाबांनी ताटातून मान वर केली नाही. नुसतं म्हणाले, बोलव.

वाट बघणारी,
तुझीच ताई